करमळाचा रस

रस काढायला काय अक्कल लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा डाळिंब हातानं पिळून बघावं. निम्मा रस पदरावर, थोडा भिंतीवर, आणि भांड्यात पडतो तो तुरट. मी हेच काम जवळजवळ तीस वर्षं केलं. या दोन्ही हातांनी. उजव्या हाताचा अंगठा आता वाकत नाही, पण तक्रार नाही. त्यानं त्याचं काम केलं.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, मावशी, तुमच्या गिऱ्हाइकांच्या गमती लिहा, लोकांना आवडतील. गमती आहेत की. पण एक गोष्ट गमतीची नाही, आणि ती लिहायची नसेल तर बाकीचं लिहून मला काय करायचंय, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, लिहा. म्हणून लिहिते.

माझं नाव शेवंता. कोल्हापुरात एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत माझी दीड खोली. आपल्याकडं आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं जात नाही. मोसंबी, सफरचंद, डाळिंब, काहीतरी पिशवीत घालून नेतातच. मग होतं काय, कॉटखाली फळांचा ढीग आणि कॉटवरच्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. सोलायला सुरी नाही, पिळायला भांडं नाही. नातेवाईक ती पिशवी घेऊन माझ्या दारात यायचे. फळं त्यांची, हात माझे. पाटी कधी लावली नाही. वॉर्डातल्या आयाबायाच सांगायच्या, मागच्या गल्लीत रसवाली मावशी हाय, तिच्याकडं जावा.

फळं कशी फिरतात ते मी बघितलंय. एकदा सफरचंदांची एक पिशवी पंधरा दिवसांत तीनदा माझ्याकडं आली. एका सफरचंदाला देठाजवळ उंदरानं चाखलेलं होतं, म्हणून ओळखलं. याच्या पाहुण्यानं त्याला दिलं, त्यानं आणखी कुणाला. तिसऱ्यांदा घेऊन आलेल्या माणसाला मी म्हटलं, पावणं, आता ह्या सफरचंदालाच अ‍ॅडमिट करा, लई हिंडलंय ते. तो बिचारा ओशाळला. मी चांगला भाग किसून दिला त्याला रस काढून.

मिक्सर मी घेतला नाही. पोरीनं आणून दिलेला माळ्यावर तसाच आहे. मिक्सरमध्ये मोसंबीची बी चिरडते आणि रस कडू होतो. आजाऱ्याच्या तोंडाला आधीच चव नसते, त्यात कडू कोण पिणार? मोसंबी आधी पाटावर तळहाताखाली घोळवून मऊ करायची, मधोमध कापायची, आणि पिळणीवर दाबायची ती अंगठ्यानं नाही, मनगटानं. पांढरी साल खरवडली की संपलं. सफरचंद किसणीवर किसायचं, किसाला लगेच लिंबाचे चार थेंब लावायचे, नाहीतर बघता बघता काळं पडतं. मग मलमलीच्या फडक्यात घालून पिळायचं. डाळिंबाचे दाणे गाळणीवर घेऊन वाटीच्या बुडानं हलके दाबायचे, आतली बी फुटता कामा नये. कलिंगडाला तर रवीसुद्धा पुरते. कावीळवाल्यांना उसाचा रस हवा असायचा, पण गाड्यावरचा, बर्फ घातलेला नको. मग ऊस सोलून, बारीक गंडेऱ्या करून मी खलबत्त्यात कुटायची. वाटीभर रसाला पाऊण तास. आजूबाजूला साखर कारखाने, उसाचे ट्रॅक्टर दारावरून जायचे आणि मी आपली बत्ता घेऊन वाटीभर रस काढत बसलेली.

कसबा बावड्याकडच्या एक जैन आज्जी होत्या. सून येऊन रस न्यायची. त्यांचं फडकं वेगळं, घरून धुऊन आणलेलं, दुहेरी घडीचं. दिवस मावळायच्या आत रस पोटात गेला पाहिजे, नाहीतर आज्जी दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. गाजर, बीट चालायचं नाही, जमिनीखालचं म्हणून. थंडीच्या दिवसांत सून धापा टाकत यायची आणि आम्ही दोघी आकाशाकडं बघत मोसंबी पिळायचो. एकदा मी म्हटलं, पाच मिनिटं उशीर झाला तर कोण बघतंय? सून म्हणाली, मावशी, आज्जी बघतात. पुढं मी कधी बोलले नाही. ज्याचा त्याचा नेम असतो.

माझाही एक नेम होता. आजार विचारायचा नाही.

माझा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याच्या घशात गाठ झाली. सहा महिने त्याला पातळच चालायचं, रस गाळायला मी शिकले ती त्याच्यापायी. तेव्हा गल्लीतलं जो तो विचारायचं, काय झालंय वं, कशानं झालं, डाक्टर काय म्हणत्यात. उत्तर देऊन देऊन माझं तोंड वाळायचं. रात्री मी त्याच्याकडं पाठ करून रडायची. तो गेला आणि हे काम सुरू केलं तेव्हाच ठरवलं, माझ्या दारात येणाऱ्याला मी हे विचारणार नाही. साखर घालू का नको, घट्ट की पातळ, एवढंच. लोकांना हे बरं वाटायचं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू.

सुवर्णा माझ्याकडं पहिल्यांदा आली तेव्हा तिनं न विचारताच सगळं सांगितलं. पस्तिशीतली, बारीक अंगाची बाई. नवरा दिनकर, कागलच्या एमआयडीसीत कामाला होता. घर बिद्रीकडं. त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं. दरवेळी गावाहून येणं झेपेना म्हणून माझ्यासमोरच्या चाळीत एक खोली घेऊन राहिले होते दोघं. पोरगी दहा वर्षांची, ती गावाकडं सासूजवळ. आणि सुवर्णा स्वतःची एक किडनी त्याला देणार होती. तपासण्या झालेल्या, जुळलेलंही. परवानगीचा कागद तेवढा यायचा होता. महिन्याभरात होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे दिनकरला तो एक महिना निभवायचा होता. बाकी काही नाही.

अशा माणसाला पाणीसुद्धा मोजून मिळतं. सुवर्णानं प्लास्टिकच्या बाटलीवर पेननं रेघा ओढल्या होत्या. सकाळी एवढं, दुपारी एवढं. आमटी वाढली तर तेवढं पाणी ती बाटलीतून ओतून टाकायची. दिनकर जिभेवर बर्फाचा खडा ठेवून बसायचा. उन्हाळा होता. मी पलीकडं मोसंबी पिळायची आणि तो खिडकीतून बघायचा. फळांच्या रसाला त्याला सक्त मनाई होती. दवाखान्यानं छापलेला कागदच दिला होता.

एका मंगळवारी सकाळी सुवर्णा पिशवी घेऊन आली. तिचं माहेर गगनबावड्याच्या पलीकडं, घाट उतरून. भावानं परसातली करमळं पाठवली होती. करमळ म्हणजे पाच धारांचं पिवळं फळ, आडवं कापलं की चांदणी दिसते. पोरं हल्ली त्याला स्टारफ्रूट म्हणतात. आपल्या घाटावर फार कुणी खात नाही. भावानं सांगितलं होतं, ह्याच्या एका घोटानं तहान मरते.

तिनं तो छापील कागद माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, मावशी, मला बारीक अक्षर कळत न्हाय नीट, तुमी वाचा. मी चष्मा लावून दोनदा वाचला. नारळपाणी, मोसंबी, संत्रं, केळ, आंबा, चिकू, टोमॅटो, सुका मेवा. करमळ कुठं नव्हतं.

"लिस्टीत न्हाय म्हंजे चालतंय," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. तिनं नाही. डॉक्टरला विचारून ये, एवढं म्हणायला मला काय झालं होतं? पण माझ्या हाताखालून हजारो फळं गेलेली, मला वाटलं मला कळतं. शिवाय दया आली. आपली दया कधी कधी फार वाईट असते.

करमळाला हत्यार लागतच नाही. धारांच्या कडा तासायच्या, चकत्या करायच्या, बिया काढायच्या आणि फडक्यात घालून मुठीनं दाबायचं. पाण्यासारखा रस सुटतो. सवयीप्रमाणं चमचाभर आधी मी चाखला. आंबटगोड, छान. भांड्याच्या तळाचा उरलेला मीच प्यायले. मला काहीसुद्धा झालं नाही.

सुवर्णानं बाटलीतलं कपभर पाणी आधी मोरीत ओतलं, आणि मग त्याला कपभर रस दिला. दिनकरनं तो एका घोटात नाही घेतला. घोट तोंडात घोळवत बसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, मावशी, चार महिन्यांत जिभंला आज काय तर लागलं. दुपारी त्यानं आणखी मागितला. तेवढं पाणी पुन्हा मोरीत गेलं आणि मी दुसरा कप काढून दिला.

तीनच्या सुमाराला त्याला उचकी लागली.

आता उचकी लागली की आपण काय करतो? कोण आठवण काढतंय म्हणून नावं घेतो. ज्याच्या नावाला उचकी थांबली, तो आठवण काढतोय. आम्हीही तेच केलं. मी, सुवर्णा आणि चाळीतल्या दोघी त्याच्या खाटेभोवती बसलो. त्याची आई झाली, भाऊ झाला, एमआयडीसीतले दोस्त झाले. एकीनं चेष्टेनं लग्नाआधी बघून आलेल्या पोरीचं नाव विचारलं. दिनकर उचकी देत देत हसत होता. त्या खोलीत इतकं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी सुवर्णानं आपल्या लेकीचं नाव घेतलं आणि उचकी थांबली. लगेच फोन लावला. पोरगी खरंच शाळेतून येऊन दप्तर टाकून बसली होती. ती म्हणाली, आत्ताच मी आजीला म्हटलं, पप्पा कधी येणार. आम्ही सगळ्यांनी एकमेकींकडं बघितलं. सुवर्णा तर हरखली. बाप-लेक पाच मिनिटं बोलले.

फोन ठेवला आणि उचकी परत सुरू झाली. मग मात्र थांबेना. पाठ थोपटली, श्वास कोंडायला लावला, साखर जिभेवर ठेवली. मी म्हटलं, आंबटाचा घोट घेतला की बसते. आणि तिसरा कप दिला. तोही मीच काढला.

सहा वाजता त्याला ओकारी झाली. सातच्या आत तो सुवर्णाला विचारायला लागला, तू कोण? आधी तिला चेष्टा वाटली. मग त्याचा हात थरथरायला लागला आणि आम्ही त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अंतर चालत पाच मिनिटांचं. तीन वाजता नेलं असतं तर तो स्वतःच्या पायांनी चालत गेला असता.

एक तरुण डॉक्टरीण होती. चांगली होती पोरगी, माझ्याकडं कधीमधी लिंबू सरबत प्यायला यायची. तिनं सुवर्णाला विचारलं, यांनी आज काय खाल्लं? सुवर्णा घाबरून माझ्याकडं बघायला लागली. डॉक्टरीण माझ्याकडं वळली.

"मावशी, तुम्ही यांना काही रस दिलात का?"

आता मी जे लिहिते आहे ते आजपर्यंत एकीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या डोक्यात त्या क्षणी दिनकर नव्हता. माझी गल्ली होती. रसवाली मावशीनं किडनीच्या पेशंटला रस पाजला, असं वॉर्डात झालं असतं तर उद्या माझ्या दारात कोण आलं असतं? आणि कागदावर तर ते फळ नव्हतंच, मग त्याचा काय संबंध, असंही मनाला समजावलं. सगळं एका श्वासात.

"न्हाय बाई," मी म्हटलं. "मी आजार्‍याचं बघून देते. भात-आमटी खाल्लीया त्यानं."

सुवर्णानं मान खाली घातली आणि म्हणाली, "व्हय. भात-आमटी."

त्याला झटके यायला लागले. डोक्यात रक्तस्राव झाला असेल म्हणून डोक्याचा फोटो काढायला नेलं. त्यात काही सापडलं नाही. मग ताप, मग संसर्ग, असं एकेक शोधत राहिले. बुधवार असाच गेला. गुरुवारी त्याच्या नेहमीच्या पाळीला मशीन लावलं, पण तोवर तो डोळे उघडत नव्हता. दुपारी गेला. तो परवानगीचा कागद पुढच्या आठवड्यात आला म्हणे.

मातीला मी गेले. सुवर्णा माझ्या गळ्यात पडून रडली. खोली सोडून जाताना तिनं राहिलेली चार करमळं माझ्याच कट्ट्यावर ठेवली. मी ती गाईपुढं टाकली.

कशानं गेला ते मला चार महिन्यांनी कळलं. मशीनवर काम करणारा एकजण माझ्याकडं आला होता. सहज विचारल्यासारखं करून मी विचारलं, किडनीवाल्याला करमळ चालतं का रे? तो पेला खाली ठेवून माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, "मावशी, विष हाय ते त्यांना. आपली किडनी ते बाहेर टाकती, त्यांची टाकत न्हाय, सरळ डोस्क्यात जातंय. पहिल्यांदा उचकीच लागती. उचकीलाच वळखलं आणि लगेच मशीनवर घेतलं, सलग लावलं, तर वाचत्यात की कितीतरी."

त्या दिवशी हातातलं डाळिंब तसंच टाकलं आणि आत जाऊन पडले.

पुढं मी नेम मोडला. येईल त्याला आजार विचारायला लागले. किडनी म्हटलं की हात जोडायची. काही लोक तुटले, मावशी लई चौकशा करती म्हणून. छापील कागदावर करमळाचं नाव घाला असं सांगायला मी दवाखान्यात गेले, तिथल्या माणसानं लिहून घेतलं, घातलं की नाही ठाऊक नाही. दिवाळी झाली तशी मी पिळणी धुऊन ठेवली ती ठेवलीच. लोकांना सांगितलं, अंगठा दुखतो. तेही खरंच होतं.

पण सुवर्णाला सांगायचं राहिलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत दीड वर्ष काढलं. ती मला देव मानत असेल, आणि मी जाऊन सांगणार की तुझा नवरा माझ्या रसानं आणि माझ्या खोट्यानं गेला. पाय उचलत नव्हता. शेवटी या उन्हाळ्यात एसटीत बसले.

घर सापडलं. सुवर्णा शिवणयंत्रावर बसली होती, गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवते. मला बघून उठली, पाया पडली, चहा टाकला. पोरगी बाहेर खेळत होती, उंच झाली आहे. मी चहा हातात न घेताच सगळं सांगून टाकलं. करमळ विष होतं. कागद मी वाचला, चालतंय मी म्हटलं, तीन कप मी काढले. उचकीला नावं घेत बसलो तेव्हाच त्याला न्यायला हवं होतं. आणि डॉक्टरीणबाईसमोर मी खोटं बोलले. मला शिव्या घाल, मार, तुला काय करायचं ते कर.

ती शिवायचं कापड मांडीवर ठेवून ऐकत होती. रडली नाही. मग म्हणाली,

"मला ठावं हाय, मावशी."

मला वाटलं कुणी तरी मागाहून सांगितलं असेल. मी तसं विचारलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"बुधवारी सकाळीच त्या डाक्टरीणबाई आल्या हुत्या. कुणाला तर मोठ्या डाक्टरला फोन करून इचारलंतं त्यांनी. मोबाईलात फोटू दाखवला. हेच करमळ. म्हणाल्या, हे खाल्लंय का, खरं सांगा, आत्ता मशीन लावते. त्यो तवा जिता हुता." तिनं कापडाची घडी घातली, पुन्हा मोडली. "मी न्हाय म्हटलं."

"का गं?" मी विचारलं.

"आदल्या दिशी तुमी त्यांच्या तोंडावर न्हाय म्हटलं हुतं. एवढं वय तुमचं, एवढं केलंसा आमचं. तुमाला खोटं कसं पाडायचं, मावशी?"